आमच्या ‘कुलवधू’चा शेवटचा अंक

शाळेत असताना मी रंगमंचावर एकदाच चढले, आणि तेही मिशी लावून. नववीत होते. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत पुरुष आणायचे कुठून? वर्गात उंची माझी जास्त, आवाज घोगरा, तेव्हा नवऱ्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. कोट थोरल्या भावाचा, मिशी काजळाची. नाटक होतं मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’, म्हणजे त्यातले निवडक प्रवेश. साल १९६५.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून निरोप आला, तेव्हा मला आधी आठवली ती ही मिशी आणि मग आपल्या गाण्याच्या बाई. माझ्या मागेपुढे असलेल्या मुलींना त्या नक्की आठवत असतील. पांढरं नऊवारी, कमरेला किल्ल्या, आणि ती त्यांची हार्मोनियम, जिचा भाता एका बाजूनं फाटलेला होता आणि त्यावर बाईंनी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली होती. सूर धरला की पेटी आधी दमेकऱ्यासारखी श्वास घ्यायची आणि मगच वाजायची.

बाईंचं एकच दैवत होतं, नाटकात गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे. बालगंधर्वांचं नाव त्या कानाची पाळी पकडून घेत, पण शिकवायच्या ते ज्योत्स्नाबाईंचं. ‘कुलवधू’ निवडलं तेही ‘बोला अमृत बोला’ या पदासाठी. शब्द रांगणेकरांचे, चाल मास्तर कृष्णरावांची, राग भैरवी. भैरवी झाली की मैफल संपली असं सगळे मानतात, आपल्या शाळेत मात्र दर कार्यक्रमाची सुरुवात त्या भैरवीनं व्हायची. शुभसमयाला गोड बोलायला सांगणारं गाणं कोणाला नको असतं? शाळेला तर हवंच असतं.

तालमीच्या पहिल्या दिवशी बाईंनी घरून ग्रामोफोन आणला. चावीचा. पिन बदलली, ज्योत्स्नाबाईंची तबकडी लावली आणि आम्हाला सांगितलं, डोळे मिटू नका, उघडे ठेवा, ती तुमच्याशी बोलते आहे. तीन मिनिटांचं गाणं. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तरी एक गोष्ट लक्षात आली. या बाईचा एकही शब्द चुकून हरवत नव्हता. आमच्या घरी रेडिओवर जुनी नाट्यपदं लागायची, त्यातलं निम्मं मला ऐकू येण्याऐवजी अंदाजानं समजायचं. इथं ‘बोला’ म्हणजे खरंच ‘बोला’ होतं. बाई म्हणायच्या, “शब्द घरचा माणूस, सूर त्याच्या जोडीनं, आणि तान आलीच तर पाहुणी. पाहुणीनं मुक्काम करायचा नाही.” आमची भानुमती, म्हणजे नायिकेचं काम करणारी मुलगी, तयारीची होती, क्लासला जायची, त्यामुळे तिची पाहुणी हमखास मुक्कामाला राहायची. बाई पेटी बंद करून ते पद तिच्याकडून नुसतं वाचून घेत. आठ दिवस ती गायलीच नाही, नुसतं बोलली.

एका शनिवारी पावसानं अर्ध्या मुली आल्या नाहीत, तेव्हा बाईंनी आम्हाला ज्योत्स्नाबाईंची गोष्ट सांगितली. त्यांचं मूळ नाव दुर्गा केळेकर. १९१४ साली गोव्यात, फोंड्याजवळच्या बांदिवड्याला जन्म, कलावंत घराण्यात. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. लहानपणीच मुंबईत आल्या. बहीण गिरिजाबाई केळेकर स्वतः नामवंत गायिका, तेव्हा घरात गाणं होतंच. १९३२ मध्ये लग्न झालं केशवराव भोळ्यांशी, आणि दुर्गाची ज्योत्स्ना झाली. केशवराव म्हणजे संगीतकार आणि गाण्यावर लिहिणारा करडा माणूस. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या नावांनी त्यांनी भल्याभल्या गवयांबद्दल जे वाटलं ते लिहिलं. पुढे ते ‘प्रभात’ फिल्म कंपनीत गेले आणि ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ या चित्रपटांचं संगीत त्यांनी केलं. बाईंचं मत असं, की गाण्यातल्या शब्दाची पर्वा करणारा नवरा आणि मुळातच स्वच्छ वाणी, यांची गाठ पडली म्हणून हा आवाज आपल्याला मिळाला. मला ते तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, नवऱ्याला यात बाईंनी जरा जास्तच वाटा दिला.

मग ‘नाट्यमन्वंतर’ ही नाटकसंस्था. ही गोष्ट सांगताना बाई उभ्या राहिल्या होत्या. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत रिपन थिएटरात ‘आंधळ्यांची शाळा’ या तिच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याआधीचं संगीत नाटक म्हणजे रात्रभर चालणार, पदांची रीघ लागणार, वन्समोअरवर वन्समोअर होणार, पुढ्यात ऑर्गन आणि तबला बसलेले दिसणार, आणि बहुतेक ठिकाणी शालू नेसून पुरुष उभा असणार. हिराबाई बडोदेकरांसारख्यांनी बायकांनी बायकांची कामं करायची वाट त्याआधी पाडली होती, हे बाई आवर्जून सांगत. ‘नाट्यमन्वंतर’नं ती वाट आणखी पुढे नेली. घर दिसावं असा देखावा, मोजकी पदं, वाद्यं पडद्याआड, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची. ज्योत्स्नाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे त्यांचं पद. बाईंनी ते पद पेटीशिवाय म्हणून दाखवलं. बाहेर पाऊस, खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक, आणि आम्ही सातआठ जणी. एरवी आम्ही हसलो असतो. एकलेपण, आग, हृदय हे शब्द चौदाव्या वर्षी हसायचेच असतात. कोणी हसलं नाही.

ती संस्था फार वर्षं चालली नाही. मराठी रंगभूमी पुढे सिनेमाच्या लाटेत धापा टाकू लागली, आणि रांगणेकरांनी १९४१ साली ‘नाट्यनिकेतन’ काढलं. पहिलं नाटक ‘आशीर्वाद’, आणि दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, ‘कुलवधू’. भानुमती ज्योत्स्नाबाईंची.

आता माझ्या आईची साक्ष. आईनं ‘कुलवधू’ मुंबईत पाहिलं होतं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. युद्धाचे दिवस, खिडक्यांना काळे कागद, प्रयोग सुटल्यावर अंधारातून चालत चाळीत यायचं. आईला त्यातलं ‘क्षण आला भाग्याचा’ पाठ होतं आणि पोळ्या करताना ती ते म्हणायची, तेही ज्योत्स्नाबाईंच्या हरकतींसकट, पोळी करपू न देता. आईचं राजापूरकडचं माहेर, वर्ष-वर्ष जाणं होत नसे. पुढे रेडिओवर ‘माझिया माहेरा जा’ लागायला लागलं, राजा बढ्यांचे शब्द आणि पु. ल. देशपांड्यांची चाल, तेव्हा गॅलरीतल्या सगळ्या बायका पदराला डोळे पुसायच्या. आई नाही. ती म्हणायची, “गाणारी रडत नाहीये, मग आपण का रडायचं?” ज्योत्स्नाबाईंच्या गाण्यावर याहून नेमकं मी नंतरही कुठे वाचलं नाही.

तर आमच्या गॅदरिंगला पंधरा दिवस उरले आणि मुख्याध्यापिका बाईंनी तालीम पाहायला मागितली. शेवटच्या अंकातला प्रवेश झाला. ‘कुलवधू’ ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भानुमती सिनेनटी, तिला मिळालेलं नाव आणि पैसा नवऱ्याला सोसत नाही, तो कुढतो, टोचून बोलतो, आणि शेवटी ती त्याला सोडून निघते. मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या, “मुलींनी हे दाखवायचं नाही. गाण्यावर संपवा.” झालं. नवऱ्याचं घर सोडणारी बाई कापली गेली, गोड बोलायला सांगणारी राहिली.

यातली गंमत मला फार पुढे कळली. आपल्या शाळेच्या वाचनालयात, इंग्रजीच्या कपाटात, इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’ होतं. मी स्वतः त्याचं कव्हर चढवलं होतं. रांगणेकरांना ‘कुलवधू’ सुचलं त्याच्या मुळाशी तेच नाटक. त्यातल्या नॉर्वेच्या नोरानं कपाटात बसून घर सोडलं तर चालत होतं, गिरगावातल्या पोरींनी टेबलफळ्यांच्या रंगमंचावर ते केलं तर चालणार नव्हतं. आणि ‘आंधळ्यांची शाळा’ तरी कोणाची? तीही ब्यर्नसन या नॉर्वेच्याच नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेली. बांदिवड्याची मुलगी, मुंबईचं थिएटर, आणि दोन्ही वेळा बीज नॉर्वेचं! असो. मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या. त्यांना पालकांची पत्रं वाचावी लागत, आम्हाला नाही.

गाण्याच्या बाई त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हा तिघींना शिवणाच्या वर्गात बोलावलं. दार लोटलं, मशिनवर पुस्तक उघडं ठेवलं आणि म्हणाल्या, “करायचं नाही म्हटलंय, वाचायचं नाही असं कोणी म्हटलेलं नाही.” आणि आम्ही तो अंक वाचला. भानुमती भानुमतीचं, मी नवऱ्याचं, तिसरी बाकी सगळ्यांचं. मी आधी चिडकं वाचत होते, कारण नवरा चिडका असतो असं मला वाटत होतं. बाईंनी थांबवलं. “तो चिडलेला नाही, घाबरलेला आहे. घाबरलेलं वाच.” मी वाचलं आणि समोरच्या मुलीचा आवाज बदलला. ती निघते त्या ठिकाणी तिनं पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी, चौदा वर्षांची, दोन वेण्यांची, खरंच एकटी पडले. घंटा झाली. शिवणाच्या बाई आल्या, त्यांना आम्ही कापडाची मापं घेत होतो असं सांगितलं.

गॅदरिंग झालं. माझी अर्धी मिशी घामानं गालावर गेली आणि पहिल्या दोन रांगांतल्या बाया शेवटपर्यंत तोंडाला रुमाल लावून होत्या. भानुमतीनं मात्र ‘बोला अमृत बोला’ असं म्हटलं की वन्समोअर आला. दुसऱ्यांदा म्हणताना तिनं तान घेतली नाही. मी विंगेतून पाहिलं, बाईंचे डोळे मिटलेले होते. आम्हाला उघडे ठेवायला सांगून!

घरी येताना प्रार्थना समाजच्या कोपऱ्यावर आई म्हणाली, “पुढचं कुठं गेलं?” मी कारण सांगितलं. आई माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं. ती जरा वेळानं म्हणाली, “मला तेव्हाही शेवट आवडला नव्हता. एवढं चांगलं गाणारी बाई, तिनंच का निघायचं? त्यानं निघावं.” नाट्यसमीक्षेत हा मुद्दा कोणी मांडला असेल तर मला दाखवा.

पुढे अकरावी झाली, नोकरी, लग्न, बदल्या. मधल्या काळात ज्योत्स्नाबाईंच्या तबकड्या मिळतील तशा ऐकल्या. मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’मधलं ‘मानसी राजहंस पोहतो’ मी मोठी झाल्यावर ऐकलं आणि वाटलं, बाईंनी आम्हाला हे का शिकवलं नाही? कदाचित आमच्या आवाक्याबाहेरचं होतं म्हणून. ज्योत्स्नाबाईंनी स्वतः ‘आराधना’ नावाचं नाटकही लिहिलं, हे कळायला तर मला साठी गाठावी लागली. गाणाऱ्या बाईनं लिहिलेलं आपण शोधायला जात नाही, मीही गेले नव्हते. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्या पुण्यात गेल्या. बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला बाईंना फोन करायचा, आणि मग आठवलं, बाई त्यांच्याही आधी गेल्या.

पुण्यात हिराबागेत त्यांच्या नावाचं छोटं सभागृह आहे. मागे मुलीकडे गेले होते तेव्हा तिथे नव्या मुलांचं एक नाटक पाहिलं. गाणं एकही नव्हतं. पण सगळ्या पोरी बोलत होत्या ते शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू येत होतं, आणि माझा एक कान आताशा जरा मंद आहे.

या अमृतमहोत्सवासाठी आमच्या बॅचचा व्हॉट्सॲपवर गट झाला आहे. ‘बोला अमृत बोला’ म्हणायचं हे कोणी न विचारताच ठरलं. आमची भानुमती आता विरारला असते, दम्याचा पंप पर्समध्ये घेऊन फिरते, तरी तीच म्हणणार आहे. गेल्या आठवड्यात तिनं गटावर लिहिलं, की या वेळी शेवटचा अंकही वाचूया, टेबलाशी बसून, पुस्तक हातात घेऊन. खाली चोवीस अंगठे आले. मग प्रश्न आला, नवरा कोण? त्यावर मात्र सगळ्या गप्प.

रात्री तिचा वेगळा फोन आला. मी म्हटलं, कोट नाही उरला. ती म्हणाली, कोट राहू दे, काजळ मी आणते.