लिव्हर-ॲक्शनची वही : ऑक्टोबर ते एप्रिल

काउबॉय ॲक्शन या नेमबाजीच्या खेळात लिव्हर-ॲक्शन रायफलच्या (दर गोळीआधी चापाखालचा लिव्हर पुढे-मागे करावा लागतो ती) दहा गोळ्यांना ऑक्टोबरात मला १२.४ सेकंद लागत होते. गेल्या रविवारी ७.१ लागले. आमच्या क्लबातले तरबेज गडी हेच काम तीन-साडेतीन सेकंदांत उरकतात, तेव्हा पेढे वाटायची घाई नाही. पण मधल्या सहा महिन्यांत काय बदललं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो.

नव्यांसाठी दोन ओळी. काउबॉय ॲक्शनमध्ये एका स्टेजला, म्हणजे फेरीला, साधारण दहा गोळ्या दोन सिंगल-ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढायच्या) रिव्हॉल्वरच्या, दहा रायफलच्या आणि वर शॉटगनची दोन-चार काडतुसं. नेम लोखंडी पाट्यांवर, गोळी फक्त शिशाची. एक चुकली की ५ सेकंदांचा दंड, पाट्यांचा क्रम चुकला की १०. जुन्या काउबॉय काळचा पोशाख आणि टोपणनाव सक्तीचं. माझं ‘खानदेश किड’, कारण इथलं फिनिक्सचं ऊन आणि भुसावळचं ऊन सख्खे भाऊ आहेत. (एच-वन-बीवर असलेल्यांनी उत्साहात दुकानात जाऊ नये. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला कायद्याने सहसा मनाई आहे. मीही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.)

माझी रायफल म्हणजे उबेर्ती या इटालियन कंपनीने केलेली १८७३ च्या विंचेस्टरची नक्कल, .३८ स्पेशल काडतुसाची. हिवाळाभर तक्रार एकच : मधेच गोळीऐवजी नुसतं ‘टक्’. मी रायफलला दोष देत होतो. लिव्हरचा पल्ला कमी करणारं किट मिळतं, ते कार्टमध्येही टाकून ठेवलं होतं. मग आमच्या पॉसेतल्या (म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तुकडीतल्या) एका सत्तरीच्या आजोबांनी माझा हात फोनवर स्लो मोशनमध्ये टिपला आणि न बोलता दाखवला. लिव्हर शेवटपर्यंत पुढे जातच नव्हता. घाईत मी बोटभर आधीच मागे ओढत होतो. १८७३ च्या या रायफलमध्ये त्या शेवटच्या बोटभरातच सगळं घडतं : पितळी ठोकळा नवं काडतूस घेऊन वर येतो आणि रिकामी पुंगळी उडवतो. तो वर आलाच नाही, तर तीच पुंगळी परत चेंबरमध्ये जाऊन बसते आणि घोडा तिच्यावरच आपटतो. पुन्हा लिव्हर मारण्यात दीड सेकंद जातो, तो परवडला. पण त्या गोंधळात मोजणी हुकते. नेवाडा स्वीप असेल, म्हणजे तीन पाट्यांवर एक-दोन-तीन-दोन-एक असं मागेपुढे, तर कुठल्या पाटीवर होतो तेच आठवत नाही. डिसेंबरात अशा एका ‘टक्’चे मी १० सेकंद मोजले.

किट कार्टमधून काढलं. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, दारू आणि प्रायमर नसलेली पाच डमी काडतुसं, आणि पुढे ढकलताना ‘ठक्’ ऐकू येईपर्यंत मागे ओढायचं नाही. पहिला आठवडा करंगळीचं आणि शेजारच्या बोटाचं पेर सोललं. लिव्हरच्या कडीला चामड्याची पट्टी गुंडाळल्यावर ते थांबलं. अंगठाही दस्त्यावरून पलीकडे न टाकता उजव्याच बाजूला ठेवायला लागलो. दर वेळी तो उचलून परत टाकायचा वेळ वाचला. बायकोचं म्हणणं, घरात शिवणयंत्र चालू आहे असं वाटतं.

जानेवारीत वेगळीच फजिती. तिसऱ्या स्टेजला लिव्हर अर्ध्यात घट्ट अडकला, ना पुढे ना मागे. काडतुसं मीच भरलेली, १५८ ग्रेनची चपट्या टोकाची गोळी, लांबी १.४८ इंच ठरवलेली. घरी येऊन कॅलिपर लावला तर काही १.६२ भरली. काडतुसात गोळी बसवणाऱ्या साच्याची, म्हणजे डायची, चकती सैल होऊन गोळी दर खेपेला थोडी वर राहत गेली होती आणि मी दोनशे काडतुसांत एकदाही मोजलं नव्हतं. तो ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. काडतूस लांब असलं की टोक मॅगझिनच्या नळीतच राहतं, आणि लिफ्टच्या दारात कुणी पाय घालून उभं राहावं तसं होतं. आता दर विसाव्याला कॅलिपर.

मार्चमध्ये वेळ ८ वर आली आणि लगेच नेम सुटायला लागला. एका स्टेजला ६.३ सेकंदांत दहा गोळ्या, त्यातल्या दोन हवेत. म्हणजे खरे १६.३. ऑक्टोबरातला तो १२.४ वाला बावळट यापेक्षा बरा होता! तेव्हापासून नळीच्या टोकाची नेमाची माशी पाटीवर दिसल्याशिवाय चाप नाही.

परवाच्या ७.१ मध्ये सगळ्या दहा लागल्या. सातवीची पुंगळी सरळ वर उडून कॉलरमधून पाठीत उतरली, ती अनलोडिंग टेबलावर रायफल रिकामी दाखवेपर्यंत तशीच भाजत राहिली. पुढच्या महिन्यात गळ्यात रुमाल, आणि शॉटगनची काडतुसं दोन-दोन एकदम कोंबायचा सराव. तिथे अजून चौथं काडतूस वाळूतच पडतं.