लेस्टरची फूड बँक आणि राजारामपुरीचा पत्ता

इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकत असताना मी तिथल्या एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या संस्थेत, स्वयंसेवक म्हणून काम केले. अर्ज आणि प्रशिक्षण सुरळीत पार पडले; घोडे अडले ते पत्त्यावर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

वृद्धांच्या घरी शिधा पोहोचवण्यासाठी त्या संस्थेला डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, हवी होती. तिच्या अर्जात मागील 5 वर्षांचे पत्ते खंड न पडता द्यावे लागतात. माझ्या पासपोर्टवर घर क्रमांकापुढे नुसते ‘ई वॉर्ड, कोल्हापूर’ होते आणि बँक खात्याच्या कागदावर ‘राजारामपुरी’. राजारामपुरी ई वॉर्डातच येते, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कार्यालयाने मात्र ही दोन घरे धरली आणि मी नेमकी कुठे राहत होते, याचा पुरावा मागितला. लेखी खुलासा दिला, नकाशा जोडला, तरी दर वेळी नवी व्यक्ती तोच प्रश्न पहिल्यापासून विचारी. घरपोच शिध्यासाठी माणसे कमी पडत असताना हात द्यायला आलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवणे मला आजही चुकीचेच वाटते. अखेर वडिलांनी महापालिकेची घरफाळ्याची पावती शोधून काढली. तिच्यावर वॉर्ड, मिळकत क्रमांक आणि राजारामपुरीची गल्ली एकत्र होती. तिचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून पाठवले, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. कोल्हापूरहून जाणाऱ्यांनी ही पावती भाषांतरासह सोबतच न्यावी.

गोदामातील काम मला मनापासून आवडले. डबे तारखेनुसार लावताना ‘यूज बाय’ उलटलेले अन्न बाजूला काढावेच लागते, कारण ती तारीख सुरक्षिततेची असते. ‘बेस्ट बिफोर’ केवळ दर्जाविषयी सांगते. ॲलर्जीच्या दृष्टीने तिथल्या कायद्याने ठरवलेल्या 14 घटकांत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही येतात. म्हणून घरची कांदा-लसूण चटणी कितीही प्रेमाने नेली, तरी लेबलाशिवाय ती वाटपात घेत नाहीत, आणि हा नियम मला पटला.

व्हिसाचे सांगायचे राहिले. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला 20 तासच काम करता येते. स्वेच्छेची सेवा त्यात धरली जात नाही. मात्र कराराने बांधलेले काम बिनपगारी असले तरी मोजले जाते. तेव्हा संस्थेने पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला दाखवावा.