बॅग बाळाची भरली, माझी राहूनच गेली

धाकट्या बहिणीला आठवा संपत आलाय. परवा तिचा मेसेज आला, ताई तुझी ती हॉस्पिटल बॅगची लिस्ट पाठव ना. जुन्या फोनमधे शोधली, सापडली, वाचली, आणि पाठवलीच नाही. २२ गोष्टी लिहिल्या होत्या मी आणि त्यातल्या १९ बाळाच्या. टोपरी, मोजे, झबली, लंगोट, दुपटी, सगळं दोन-दोन धुऊन इस्त्री करून. माझे म्हणून दोन गाऊन आणि टूथब्रश. म्हणून लिस्टच्या ऐवजी हे लिहायला बसले, तिच्यासाठी पण आणि जिला लागेल तिच्यासाठी पण.

बॅग ३६व्या आठवड्यापर्यंत भरून दाराशी ठेव. ड्यू डेट ही ४० आठवड्यांची धरलेली असते पण नेमक्या त्या दिवशी साधारण २० मधलं एखादंच बाळ येतं, माझं ३८ आठवडे आणि ४ दिवसांनी आलं. सगळ्यात वर फाईल, म्हणजे सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, ब्लड ग्रुप. तुझा ग्रुप निगेटिव्ह असेल तर ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिही, कारण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या बाळंतपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून आईला देतात ते) डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्या गडबडीत घरातल्या कुणाला तरी ते माहीत असलेलं बरं.

आता कधी निघायचं. मी एकदा उगाच निघाले होते, रात्री पोट कडक व्हायला लागलं म्हणून गेलो, तपासलं आणि घरी पाठवलं, गाडीत मला रडूच आलं. पण तिथल्या सिस्टरनी एक गोष्ट नीट समजावली जी मला नऊ महिन्यात कुणी सांगितली नव्हती. खोट्या कळा कुशीवर वळलं, जरा चाललं, पाणी प्यायलं की बहुतेक वेळा विरतात. खऱ्या विरत नाहीत, त्या जवळ जवळ येत जातात, जास्त वेळ टिकतात आणि तेव्हा बोलता बोलता वाक्य तुटतं. पहिलटकरणीसाठी ढोबळ हिशोब असा की दर ५ मिनिटांनी कळ, एकेक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. मात्र पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करून निघायचं. पाणी गेलं की घड्याळ बघ आणि रंग बघ. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, हे पोचल्या पोचल्या आधी सांगायचं.

सोबत कोण राहणार हे आधी ठरव, आणि नुसतं राहणार नाही तर तुझ्या वतीने बोलणार कोण ते ठरव. कळा जोरात सुरू झाल्यावर मला साधं "पाणी द्या" म्हणवत नव्हतं. आम्ही आदल्या आठवड्यात बसून बोललो होतो, कळा सोसवल्या नाहीत तर एपिड्युरल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, घ्यायचं का, बाळ बाहेर आल्यावर सगळं ठीक असेल तर नाळ लगेच न कापता मिनिटभर तरी थांबता येईल का, बाळाला लगेच माझ्या उघड्या छातीवर ठेवाल का. हे नवऱ्याने सगळं विचारलं, मला काही विचारावं लागलं नाही. त्या एका संध्याकाळच्या बोलण्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा त्या १९ वस्तूंचा झाला नाही.

आणि आता ते, जे माझ्या लिस्टमधे नव्हतंच. बाळ झालं की संपलं असं मला वाटायचं. मग वार पडायची असते, टाके असतील तर ते घालतात, आणि मला तर त्यानंतर इतकी थंडी वाजून आली की दातावर दात आपटत होते, मी घाबरले, सिस्टर म्हणाल्या होतं असं, पांघरूण घ्या. अंगावरून जातं ते पाळीसारखं नाही, पहिले दिवस खूप जास्त, मग कमी होत होत चार ते सहा आठवडे. त्यामुळे मोठे जाड पॅड भरपूर घे, आणि गडद रंगाच्या सैल, कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या निकर, म्हणजे सिझर झालं तरी इलॅस्टिक टाक्यावर येत नाही. पहिली लघवी करायला मी अक्षरशः घाबरून बसले होते. एका छोट्या बाटलीने कोमट पाणी वरून सोडत राहिलं की जळजळ कमी होते, ती बाटली बॅगेत टाकच. दूध पाजताना पोटात परत कळा येतात, म्हणजे गर्भाशय आवळत असतं, काही बिघडलेलं नसतं.

माझ्या शेजारच्या बेडवर सिझरची होती. तिला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, होतं, दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चालवतात. खोकला आला की ती पोटावर उशी दाबून धरायची. तेव्हा एक छोटी उशी पण घे, कुठली डिलिव्हरी होईल ते आधी कुठे माहीत असतं.

दुधाचं सांगते कारण मी त्यावरून दोन रात्री रडले. पहिले दोन-तीन दिवस फक्त चीक येतो, घट्ट, पिवळसर, चमचाभर. तेवढाच असतो, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. पहिल्या तासातच छातीला लावायचं आणि मग मागेल तेव्हा पाजत राहायचं, भरभरून दूध साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास उतरतं. बाळाचं वजन सुरवातीला थोडं घटतं, काळी चिकट शी होते, हे अपेक्षितच आहे. मला हे आधी माहीत असतं तर "दूध पुरत नाहीये वाटतं" हे वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी गप्प ऐकून घेतलं नसतं. भेटायला येणारे थोडेच ठेव गं. तुला झोप हवी असते.

डिस्चार्जच्या दिवशी सगळे बाळाकडे बघत असतात, तेव्हा तू स्वतःबद्दल विचारून घे. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, खूप डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी किंवा चमक, एका पोटरीत दुखणं आणि सूज, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर लगेच परत जायचं. आणि उगाच रडू येतं पहिल्या आठवड्यात, ते बहुतेक दोन आठवड्यात निवळतं, नाहीच निवळलं तर मला सांग, डॉक्टरांना सांग, मनात ठेवू नकोस.

बाळाचे कपडे मी आणते, त्याची काळजी करू नकोस. तू आधी ती पाण्याची बाटली, पॅड, उशी आणि लांब वायरचा चार्जर घेऊन ठेव, आणि आज रात्री जावईबापूंना समोर बसवून लेबर रूममधे काय काय विचारायचं ते त्यांच्याकडून लिहून घे.