सकाळी सहा ते सकाळी सहा

ऑगस्ट सरत आला की आमच्या मंडळात फोनाफोनी सुरू होते. ख्यालीखुशाली नंतर, आधी एकच प्रश्न: "तक्ता झाला का?" बहुतेकांचा झालेला नसतो. झाला असला तरी कोणी कबूल करत नाही, कारण तक्ता संमेलनातच उघडायचा असा नियम आहे.

मंडळ म्हणजे अमेरिकेत येऊन स्थिरावलेली आम्ही दहा-बारा मराठी माणसं आणि आता त्यांची मुलंबाळं. जुन्या हॉलिवूडच्या चित्रपटांचं वेड हा आमच्यातला एकच धागा. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते, तिला जोडून दोन दिवस काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये जमायचं. हाच मुहूर्त का, तर टर्नर क्लासिक मूव्हीज, म्हणजे टीसीएम, हे चॅनल २००३पासून अख्खा ऑगस्ट कलाकारांना वाहतं. रोज एक कलाकार आणि दिवसभर त्याचेच चित्रपट. एकतीस दिवसांत एकतीस जण होतात. कोण आलं, कोण राहिलं, कोणाचा कुठला चित्रपट रात्री आठला लावला आणि कुठला पहाटे तीनला ढकलला, यावर महिनाअखेरीस प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं साचलेलं असतं. ते पोटात ठेवून राहणं आम्हाला जमेना, त्यातून संमेलन सुरू झालं.

पहिल्या वर्षी नुसता वाद झाला. सगळे एकदम बोलत होते आणि प्रत्येकाला आपला लाडका नट डावलला गेल्याचं दुःख होतं. दुसऱ्या वर्षी काकांनी दारातच प्रत्येकाच्या हातात एकेक कागद ठेवला. मध्ये उभी रेघ, डावीकडे वेळा लिहिलेल्या: सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. चॅनलचा दिवसही पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहालाच सुरू होतो. काका म्हणाले, "त्यांनी काय लावायला हवं होतं ते तोंडाने सांगू नका. तुम्ही लावून दाखवा."

नियम दोनच. मिनिटांची बेरीज १४४०च्या वर जायची नाही, आणि बेरीज जुळवण्यासाठी चित्रपट कापायचा नाही. चॅनल मध्ये जाहिराती घेत नाही, चित्रपटाला कात्री लावत नाही, मग आपणही लावायची नाही.

मी अकरा चित्रपट बसवले. सगळे माझे जीव की प्राण, त्यातले तीन तर तीन-तीन तासांचे. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्या हातात दिला. "छान आहे. पण ही यादी झाली. तक्ता नाही झाला."

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मग ते शेजारी बसले आणि बोटाने एकेक वेळ दाखवत गेले. सकाळी दहाला टीव्ही कोण लावतं? आजारी माणूस, म्हातारं माणूस, रात्रपाळी करून आलेला माणूस. त्याला तीन तासांचं महायुद्ध नको असतं. त्याच्यासाठी १९३०च्या दशकातले साठ-सत्तर मिनिटांचे चित्रपट असतात. त्या काळात स्टुडिओ ते डझनावारी काढत, एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती म्हणून. आज नाव विसरलं गेलेल्या एखाद्या नटीचा वाढदिवस साजरा होतो तो याच वेळेत, असे पाच-सहा चित्रपट लागोपाठ लावून. रात्री आठला मात्र असा चित्रपट हवा, की ज्याने त्या कलाकाराचं नावही ऐकलेलं नाही त्याने जागचं हलू नये. तो बसला की दहाला त्याला थोडं अवघड काहीतरी दाखवता येतं. आणि बारानंतर येतात ते शोधून, वाट बघून आलेले. रविवारी मध्यरात्री मूकपट लागतो तो त्यांच्यासाठीच.

त्या दिवसापासून मी टीव्ही वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एका चित्रपटात गाडी चुकते आणि पुढच्याची सुरुवात रेल्वे स्टेशनात होते, हे कोणीतरी मुद्दाम जुळवलेलं असतं. ते कोणीतरी एका खोलीत बसून, आमच्यासारखाच कागद पुढ्यात घेऊन करत असेल, या कल्पनेनेच मला आजही भरून येतं.

दर वर्षी उठणारी एक तक्रार होती: तेच ते चेहरे का? ती मामांनी कायमची मिटवली. मामा पेशाने अकाउंटंट, मंडळात सगळ्यात कमी बोलणारे. ते म्हणाले, आधी कोठार कोणाचं ते बघा. टेड टर्नर यांनी १९८६मध्ये एमजीएम हा स्टुडिओ घेतला, थोड्याच दिवसांत बाकीचा पसारा विकला, पण चित्रपटांचा साठा ठेवून घेतला. त्यात एमजीएमचे तोवरचे चित्रपट होते, वॉर्नर स्टुडिओचे १९५०च्या आधीचे होते, आरकेओ स्टुडिओचे पुढे त्यात येऊन मिळाले. याच साठ्याच्या जोरावर १९९४मध्ये चॅनल उभं राहिलं. पॅरामाउंट स्टुडिओचे १९२९ ते १९४९ मधले बहुतेक बोलपट मात्र १९५८मध्येच एमसीए या कंपनीकडे गेले आणि पुढे युनिव्हर्सलकडे राहिले. "घरच्या कोठारातलं मनात येईल तेव्हा काढता येतं. बाहेरचं मागून आणायचं, पैसे मोजायचे, आणि तेही ठरावीक मुदतीपुरतंच मिळतं." मामा एवढं बोलून गप्प झाले. त्यानंतर कोणी तक्त्यात पॅरामाउंटचे चार चित्रपट एकदम बसवले की बाकीचे ओरडतात, "बजेट! बजेट!"

मावशीचा तक्ता आम्हाला न बघताही सांगता येई. १९३० ते १९३४, बस्स. निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याचे हॉलिवूडचे नियम, कागदावर १९३०मध्येच आली, पण तिची सक्तीने अंमलबजावणी झाली १९३४च्या जुलैपासून. त्यामधल्या चार वर्षांच्या चित्रपटांवर मावशीचा फार जीव. "त्यातल्या बायका बघा," ती म्हणायची, "कमावतात, नवऱ्याला सोडतात, चुकतात, आणि शेवटी त्यांना कोणी शिक्षा करत नाही." के फ्रान्सिस ही नटी तिची विशेष लाडकी. १९३०च्या दशकाच्या मध्यात ती वॉर्नरच्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या कलाकारांपैकी एक होती, पण पुढे लोक तिला विसरले. मावशीला ती भेटली एका दुपारी, पाय प्लास्टरमध्ये असताना, काकांच्या हिशेबातल्या त्या 'आजारी माणसाच्या' वेळेला. सहा आठवडे पाय वर करून मावशीने जे पाहिलं त्यावर तिचे पुढचे सगळे तक्ते उभे राहिले.

एका वर्षी वाद काळ्या पट्ट्यांवर आला. तेव्हा सगळ्यांकडे जुने, जवळपास चौकोनी टीव्ही होते. चॅनल रुंद चित्रपट पूर्ण रुंदीत दाखवायचं, त्यामुळे वर आणि खाली काळे पट्टे यायचे. नव्याने आलेल्या एका गृहस्थांना ते पटेना. "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि निम्मा काळा?" काकांच्या पुतण्याने उत्तर दिलं नाही. तो वर गेला, पुठ्ठ्याचं खोकं फाडून आणलं, मोजून त्यात खिडकी कापली आणि चालू चित्र थांबवून टीव्हीवर धरली. त्या दृश्यात लांबलचक जेवणाचं टेबल होतं, एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको. पुठ्ठ्याच्या खिडकीतून दिसत होतं फक्त टेबल. त्याने खिडकी डावीकडे सरकवली, नवरा आला. उजवीकडे सरकवली, बायको आली. दोघं एकदम काही येईनात. "सगळा पडदा भरायचा तर उंचीच्या २.३५ पट रुंदीतलं १.३३ पटच उरतं," पुतण्या म्हणाला. "ही दोघं किती लांब बसलीत हेच तर दाखवायचंय." ते गृहस्थ उठून टीव्हीजवळ गेले, पुठ्ठा आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तो इकडून तिकडे सरकवत राहिले. तो पुठ्ठा अजून बेसमेंटमध्ये आहे. नवीन माणूस आला की त्याला तो दाखवतातच.

'ग्रीड'वरून तर मंडळ सरळ दोन भागांत फाटलं होतं. १९२४च्या या मूकपटाची स्टुडिओने कापून पार लांबी घटवली, कापलेला भाग गेला तो गेलाच. १९९९मध्ये टीसीएमने उरलेल्या छायाचित्रांच्या आधारे जवळपास चार तासांची जुळणी करून दाखवली. काका म्हणत, हलत नाही तो चित्रपट कसला? मावशी म्हणे, गेलेल्या माणसाचा फोटो आपण भिंतीवर लावतोच ना. मी मावशीच्या बाजूने होतो, अजूनही आहे.

संमेलनाची खरी रात्र शनिवारची. चिठ्ठी टाकून एकाचा तक्ता काढायचा आणि त्यातला रात्री आठनंतरचा भाग, ज्याच्या-त्याच्या घरच्या कॅसेटी आणि डीव्हीडी जमवून, खरोखर लावायचा. प्रत्येक चित्रपटाआधी तक्ता करणाऱ्याने उभं राहून दोन शब्द बोलायचे. ही रीत अर्थातच चॅनलचे निवेदक रॉबर्ट ऑस्बोर्न यांची. १४ एप्रिल १९९४च्या संध्याकाळी चॅनल सुरू झालं, पहिला चित्रपट 'गॉन विथ द विंड', आणि तेव्हापासून वीसहून जास्त वर्षं हा माणूस आमच्या घरात येऊन सांगत राहिला, की हा चित्रपट कसा झाला, कोणाच्या हातून निसटला, कोणाला मिळाला. शिकवल्यासारखं कधीच वाटलं नाही. कोणी कमी माहितीचा असेल तर त्याला ओशाळं वाटू नये, याची काळजी त्यांच्या आवाजात असे.

६ मार्च २०१७ला ते गेले. त्या सप्टेंबरात कोणी तक्ता केला नाही. काकूंनी कपाटातून एक व्हीएचएस कॅसेट काढली. रेकॉर्डिंग काकूंच्या ताब्यात असे आणि ऑस्बोर्न यांचे दोन शब्द चुकू नयेत म्हणून त्या दोन मिनिटं आधीच बटण दाबत. चित्र उत्तम यावं म्हणून कॅसेट नेहमी दोन तासांच्या वेगावर. तो चित्रपट होता दोन तास सहा मिनिटांचा. आम्ही ऑस्बोर्न यांना ऐकलं, मग चित्रपट बघितला, आणि ऐन शेवटाला पडद्यावर मुंग्या आल्या. कोणी उठलं नाही. काकू म्हणाल्या, "आता तो दार उघडतो." आणि अंधारात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी राहिलेला चित्रपट सांगितला. ती कुठे उभी असते, तो काय म्हणतो, कॅमेरा कसा मागे मागे येत जातो, संगीत कुठे थांबतं. मी तो शेवट नंतर नीट पाहिला आहे, पण डोळ्यांपुढे येतो तो काकूंच्या आवाजातलाच.

२०२३च्या जूनमध्ये चॅनलवर मोठी कर्मचारीकपात झाली. स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन हे दिग्दर्शक थेट मालक कंपनीच्या प्रमुखांशी बोलले, तेव्हा कुठे आम्हाला धीर आला. चित्रपटांची निवड करणारे चार्ली टॅबेश राहिले हे कळलं, त्या दिवशी काकांनी एकेकाला स्वतः फोन केले.

अलीकडची सगळ्यात मोठी लढाई म्हणजे 'क्लासिक' कुठपर्यंत? काकांची रेघ १९६०वर. त्यापुढचं काहीही लागलं की ते हळहळत, की त्या जागी एखादा विसरलेला चित्रपट आला असता. त्यांच्या या हळहळीत हट्ट नव्हता. जुन्याला दुसरं घर नाही, नव्याला शंभर आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांची नात गेल्या संमेलनात हिशेब मांडून आली होती. "आजोबा, चॅनल सुरू झालं तेव्हा १९६४चा चित्रपट तीस वर्षांचा होता. तो तुम्ही तेव्हा चालवून घेतलात ना? मग १९९१चा आज तीसच्या वर गेलाय." काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि विषय तिथेच राहिला.

नेमकी त्या रात्री चिठ्ठी काकांची निघाली. तक्ता वाचला गेला. आठला १९३६, दहाला १९४१, बाराला मूकपट, दोनला पुन्हा १९३०चं दशक. आणि पहाटे चारला, सगळ्यात खाली, पेन्सिलने लिहिलेलं: १९९१.

"चारला ठेवलाय," काका म्हणाले. "बघू कोण जागं राहतं."

सगळे राहिले. मावशीने गुडघ्यावर शाल घेतली, मामा जमिनीवर बसले, पोरं एकमेकांना टेकून जागी. झोपले ते काका, तीनच्या सुमारास, मान एका बाजूला टाकून. चारला पाच मिनिटं असताना नातीने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आजोबा, तुमचा लागतोय. दोन शब्द कोण बोलणार?"

काकांनी डोळे चोळले, चष्मा शोधला, सदरा नीट केला आणि टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले.