गुंजाचे गुंते

गुंजाच्या, म्हणजे माझ्या आयरिश सेटर जातीच्या कुत्रीच्या, डाव्या कानामागे गाठ लागली तेव्हा ती सुपारीएवढी होती आणि जवळजवळ तितकीच टणक. मी हादरलेच. नको ते सगळं डोक्यात येऊन गेलं. केस बाजूला करून नीट पाहिलं तर गाठ केसांचीच! आणि रोज ब्रश फिरवत होते की मी. फिरवत होते, पण वरवर. आयरिश सेटरच्या पाठीवरचे केस अंगाला चिकटून असतात, त्यावरून ब्रश सरसर जातो आणि आपल्याला वाटतं, झालं काम. लांब झालर असते ती कानांना, छातीला, पोटाखाली, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला. गुंता होतो जिथे घासतं तिथे : कानामागे, काखेत, जांघेत, गळ्यातल्या पट्ट्याखाली.

मग ओळीने दोन चुका केल्या. शाम्पूने सुटेल म्हणून आधी तिला आंघोळ घातली. भिजलेला गुंता वाळताना आणखी आवळतो हे मला कोण सांगणार? सुपारीचा नमदा झाला. मग खणातून कात्री काढली. गुंत्याबरोबर कातडीही ओढली जाते, तंबूसारखी वर येते, ते केसांत दिसत नाही. एक किंकाळी आणि गुंजा पलंगाखाली. जखम लहान होती, टाक्यांची वेळ आली नाही. पण त्यानंतर कात्री दूरच, खण उघडल्याचा नुसता आवाज झाला तरी ती खोलीबाहेर जायची.

सेटर फार मनाला लावून घेतात. आवाज चढवला की ऐकणं सोडाच, कान पाडून भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यामुळे पुढचे तीन आठवडे मी एकही गुंता विंचरला नाही. धातूची फणी जमिनीवर ठेवायची, तिने येऊन हुंगली की खाऊ. मग फणीची पाठ खांद्याला लावायची, खाऊ. मग फणीचे दात एकदाच फिरवायचे, तेही जिथे गुंता नाही अशा जागी. घरातले माझी टर उडवायचे. त्यांनी तिचं नाव ‘गुंता’ करून टाकलं होतं. चौथ्या आठवड्यात ती फणी बघून स्वतःहून आडवी झाली.

आता पद्धत बसली आहे. झालरीचा वरचा थर एका हाताने उचलून धरायचा आणि खालून एकेक ओळ सोडत फणी कातडीपर्यंत न्यायची. गुंता सापडला तर मुळाशी चिमटीत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. बोटांनी त्याचे दोन भाग करायचे, दोनाचे चार, मग टोकाकडून मुळाकडे. मुळापासून ओढाल तर गाठ घट्टच होत जाते. आठवड्यातून तीनदा वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आंघोळ नेहमी विंचरून झाल्यावर. कात्री अजून एकाच कामाला वापरते, पंजाच्या तळव्यातले केस कापायला, तीही बोथट टोकाची. उन्हाळ्यात सगळे केस मशीनने उतरवून टाकायचा सल्ला बरेच देतात. मी ऐकला नाही : ऊन थेट कातडीला लागतं आणि पुन्हा येणाऱ्या केसांचा तो रेशमी पोत जाऊ शकतो. नसबंदीनंतर मात्र तिचे केस पिंजल्यासारखे, लोकरी झाले. सेटरमध्ये हे बऱ्याचदा होतं. विंचरायचा वेळ तेवढा वाढला.

गुंजाच्या कपाळावर एक बारीक पांढरी रेघ आहे. ती आणली तेव्हा मला वाटलं, अस्सल सेटर म्हणजे पूर्ण तांबडा, आपल्याला फसवलं. पुढे वाचताना पामरस्टन भेटला. १८६२ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला हा नर आजच्या तांबड्या सेटरांच्या मूळपुरुषांपैकी एक, आणि त्याच्याही कपाळावर अशीच रेघ! आयर्लंडमधले जुने सेटर बरेचसे तांबडे-पांढरे होते, पूर्ण तांबड्याची आवड एकोणिसाव्या शतकात वाढली. जातीच्या मानकात कपाळावरची ही रेघ आजही दोष धरत नाहीत. मी रंगावरून कुरकुरत बसले आणि विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही : आईवडिलांची डीएनए चाचणी. या जातीत डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व आणणारा एक आनुवंशिक आजार आहे. आईवडील दोघेही वरून धडधाकट पण वाहक असले, तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला तो होतो. गुंजाची चाचणी मी नंतर करून घेतली. नशीब.

जेवण एका वेळी भरपूर देत नाही, दोन-तीनदा विभागून देते, आणि जेवल्यावर तासभर पळापळ बंद. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात हवा भरून जठराला पीळ पडू शकतो. पोट फुगलंय, उबळ येते पण उलटी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना.

आणि व्यायाम. त्याबद्दल काय लिहू, माझे गुडघे सांगतील! हे कुत्रं दिवसभर रानात पक्षी हुडकण्यासाठी घडवलेलं आहे. ‘सेटर’ हे नाव पडलं त्याच्या दबा धरण्यावरून. बंदुकांआधीच्या काळात तो पक्ष्यांसमोर खाली दबायचा आणि शिकारी त्यांच्यावर जाळं टाकायचे. गुंजाला हे कुणीच शिकवलेलं नाही. दहा महिन्यांची असताना, लांब दोरीवर, गवतात मुसंडी मारता मारता ती एकदम थबकली. पुढचा एक पाय हवेत, शेपूट सरळ, नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. मी हाक मारली, शिट्टी मारली. कानही हलला नाही. दोन पावलं पुढे झाले तेव्हा गवतातून लाव्यांची जोडी फर्रकन उडाली, आणि दोरीने माझ्या तळहाताची साल काढली. तेव्हापासून हातमोजे. मोकळं सोडायला आणखी दीड वर्ष गेलं, आणि वास लागला की आजही मी तिच्या हिशेबात नसते.

रानातून आलं की कुसळं. झालर ती झाडूसारखी गोळा करते. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या तोंडाशी आधी बघायचं, कारण कुसळ एका दिशेनेच सरकतं, आत. एकदा एक नजरेतून सुटलं. दोन दिवस ती मान तिरकी करून डोकं झटकत होती; शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने बाहेर काढलं. लोंबत्या कानांत तसाही वारा लागत नाही, त्यामुळे दर आठवड्याला आत डोकावते आणि वास घेते. आंबूस वास आला की काहीतरी बिघडलंय.

परवा ब्लेड शोधायला खण उघडला. गुंजा उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने दारातून अर्धं डोकं आत आलं. माझ्या हातात काय आहे ते पाहिलं, आणि पुन्हा गेली.