आधी हवा बघ

आमचं व्हील अलाइनमेंटचं दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. आण्णांनी सुरू केलं, आता मी बघतो. दिवसाला सात-आठ गाड्या रॅकवर चढतात. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी डावीकडं ओढतीय," नाहीतर "पुढचा टायर आतनं खाल्लाय," की आमचं काम सुरू. कॅम्बर (चाक उभ्यात किती झुकलंय), कास्टर (स्टिअरिंगचा आस पुढं-मागं किती कललाय), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) हे शब्द शाळेत असल्यापासून कानावर आहेत. त्यामुळे भाच्यानं २०२३ च्या दिवाळीत लॅपटॉपवर असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा गाड्यांच्या रेसचा गेम लावून दाखवला आणि म्हणाला, "मामा, यात गाडीचं अलाइनमेंटपण बदलता येतंय," तेव्हा मी तिथंच बसकण मारली. महिन्याभरात इचलकरंजीच्या एका मित्राकडून वापरलेलं जी२९ हे गेमचं स्टिअरिंग आणलं, आण्णांच्या जुन्या टेबलाला क्लॅम्प केलं. तेव्हापासून रात्री जेवण झालं की तास-दीड तास मी तिथं असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे सिम्युलेटर इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी कंपनीचं, २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलं. लोक नुसतं एसीसी म्हणतात. यात जीटी३ गटातल्या, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, रेसिंग गाड्या आहेत आणि खरेखुरे ट्रॅक लेझरनं मोजून उतरवलेले आहेत. प्रत्येक गाडीला सेटअपची, म्हणजे जुळवणीची, पाच-सहा पानं असतात: टायर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल ग्रिप (सस्पेन्शन, ब्रेक), डॅम्पर, एरो (हवेचा दाब). सोबत तयार सेटअपही मिळतात, एक सेफ आणि एक अ‍ॅग्रेसिव्ह. मी बीएमडब्ल्यू एम४ घेतली आणि इटलीतला मोंझा ट्रॅक. मोंझा घेतलं कारण नकाशा डोक्यात राहतो, फक्त ११ वळणं आणि बाकी सरळ पळायचं.

पहिल्याच रात्री टायरचं पान उघडलं आणि पुढचा कॅम्बर बघून हात थांबला. साडेतीन डिग्रीच्याही वर निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला. आमच्याकडं एखादी गाडी अशी आली तर मी आधी विचारीन की कुठं धडकली होती का. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा-एक डिग्री निगेटिव्ह खूप झाला. त्याच्या वर गेलं की टायर आतून खातो आणि चाळीस हजार किलोमीटर जायचा तो वीस हजारात टाकावा लागतो. शिवाय पुढच्या चाकांना टो-आऊट, म्हणजे तोंडं किंचित बाहेर. आम्ही आयुष्यभर टो-आऊट काढत आलोय, कारण त्यानं गाडी सरळ रस्त्यावर भिरभिरते. मी ते सगळं "बरोबर" केलं, कॅम्बर कमी केला, टो शून्यावर आणला आणि ट्रॅकवर गेलो. लेस्मो नावाच्या दोन वळणांतल्या पहिल्याला गाडी सरळच गेली. नाक आत यायलाच तयार नाही.

मग बसून विचार केला. आमच्या दुकानात अलाइनमेंटचा हेतू असतो की गाडी हात सोडला तरी सरळ जावी आणि टायर टिकावा. रेसच्या गाडीला टायर तासभर टिकला की पुरे, सरळ जाण्याचं तिला कौतुक नाही. वळणात शरीर बाहेर कलतं तेव्हा बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो. उभ्या गाडीत टायर आत झुकलेला दिसतो तो त्या क्षणासाठी, म्हणजे खरा भार येईल तेव्हा तो डांबरावर सपाट बसावा. टो-आऊटनं स्टिअरिंगच्या पहिल्या हालचालीला गाडी चटकन उत्तर देते. आकडे तेच, प्रश्न वेगळा. वीस वर्षं या धंद्यात असून मी आकडे पाठ केले होते आणि ते कशासाठी आहेत हे एकदाही असं सुटं करून पाहिलं नव्हतं. त्या रात्री मला फार आनंद झाला, आणि तेव्हाच या नादाला मी खऱ्या अर्थानं लागलो.

हवेचंही तसंच. दुकानात आम्ही हवा थंड टायरवर बघतो. कोणी पुण्याहून हायवेनं तडक आलं आणि मीटरवर ३६ दिसली तरी काढायची नाही, टायर गार झाला की ती ३२-३३ वर येणार हे माहीत असतं. एसीसीत उलटा हिशोब आहे. कोरड्या ट्रॅकवर गरम टायरमध्ये २६ ते २७ पीएसआय हवी असते आणि पिटमध्ये थंड किती भरायची हे त्यावरून मागं येत शोधायचं. बाहेरचं तापमान एक अंश वाढलं की साधारण ०.१ पीएसआयचा फरक पडतो. आणि चारही चाकांना एकच आकडा चालत नाही. मोंझात ११ पैकी ७ वळणं उजवीकडची, त्यामुळे गाडीचा भार सतत डाव्या टायरांवर येतो, ते जास्त तापतात, त्यांच्यातली हवा जास्त चढते. म्हणून डावीकडं थंड हवा उजवीपेक्षा थोडी कमी भरायची. घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या बऱ्याच ट्रॅकना हे लागू पडतं. हे पहिल्यांदा जुळलं, पाच लॅपनंतर (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) चारही टायर २६.५ च्या आसपास आले आणि गाडी जी मऊ बसली ती मला अजून आठवते.

यानंतरचे दोन महिने मात्र वाया गेले. कारण साधं होतं, मी सगळं एकदम बदलत होतो. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) दोन क्लिक कडक, विंग (गाडी खाली दाबणारा मागचा पंख) एक कमी, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी) थोडा मागं, डिफरन्शियलचा (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) प्रीलोड खाली. एके रात्री वेळ तीन दशांशांनी सुधारली. दुसऱ्या दिवशी तोच सेटअप लावला तर अर्धा सेकंद मागं. आदल्या दिवशी हवामान वेगळं होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. मग कुठल्या बदलानं काय झालं हे शोधणार कसं? इंटरनेटवरून एका फार वेगवान माणसाचा सेटअप उतरवून घेतला, त्यात तिसऱ्या लॅपला अस्कारीच्या वळणांत मागून सुटून फिरलो, पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. तो सेटअप वाईट नव्हता. मागची बाजू इतकी मोकळी ठेवून ती सांभाळणारे हात त्या माणसाकडं होते, माझ्याकडं नव्हते.

आण्णा तेव्हा रात्री झोप येत नाही म्हणून मागं खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस म्हणाले, "रॅकवर गाडी घेतली की आधी काय बघतोस?"

"हवा."

"मग?"

"बॉल जॉइंट, टाय रॉडचा प्ले. मग मागची चाकं, मग पुढची. कास्टर, कॅम्बर आणि शेवटी टो."

"टो शेवटी का?"

"कॅम्बर हलला की टो हलतो म्हणून."

"मग हितं का सगळं एकदम फिरवायलास?"

एवढंच बोलून ते आत गेले. दुसऱ्या दिवशी मी दुकानातलं दोनशे पानी रजिस्टर घरी आणलं. आण्णा पूर्वी त्यात गाडीचा नंबर, आधीचे आकडे, नंतरचे आकडे आणि गिऱ्हाईक पुन्हा आलं तर त्याची तक्रार असं सगळं लिहीत. मी तशाच रेघा मारल्या. हवा २४ अंश, ट्रॅक ३१ अंश, आकाश निरभ्र, पेट्रोल ४० लिटर, हे कायम ठेवायचं. आधी काहीही न बदलता दहा लॅप मारायच्या. त्या दहा लॅप एकमेकींच्या अर्ध्या सेकंदात आल्याशिवाय सेटअपच्या पानाला हात लावायचा नाही. मग एकच बदल. मग पुन्हा लॅप. आणि तक्रार लिहिताना "गाडी वळत नाही" एवढं लिहायचं नाही. कुठल्या वळणाला, ब्रेक दाबलेला असताना, मधे, की गॅस देताना? अँटी-रोल बार प्रामुख्यानं मधल्या टप्प्यावर बोलतो. ब्रेक बायस आत शिरताना. विंगचा परिणाम वेगात जास्त, हळू वळणात फारसा नाही. टप्पा कळला नाही तर औषध कुठलं द्यायचं?

हे नीट समजलं ते पाराबोलिकाला. मोंझाचं शेवटचं वळण, २०२१ पासून त्याला मिकेले अल्बोरेटोचं नाव आहे, पण खेळणारे अजून पाराबोलिकाच म्हणतात. लांबलचक उजवं वळण, पुढं पुढं मोकळं होत जातं आणि तिथून मुख्य सरळ रस्ता. तिथं गॅस उशिरा दिला तर ती चूक पुढच्या ब्रेकिंगपर्यंत सोबत येते. माझी तक्रार पानभर एकच होती: मधे नाक बाहेर जातं, गॅस द्यायला थांबावं लागतं. विंग वाढवून बघितली, वळणात थोडा फरक पडला पण सरळ रस्त्यावर वेग गेला. पुढचा बार मऊ केला, किंचित बरं. आणि एक गोष्ट सारखी खटकत होती. पुढच्या डाव्या टायरची हवा २७.४ वर जायची, बाकीचे तीन २६.६ च्या आसपास. मी प्रत्येक वेळी त्याची थंड हवा कमी करून आकडा जुळवत होतो.

भाचा सुट्टीत आला होता. त्याला म्हटलं, माझ्याच सेटअपवर दहा लॅप मार. त्याची सगळ्यात चांगली लॅप १ मिनिट ४८.९, माझी १ मिनिट ४९.८. आणि पुढच्या डाव्या टायरची हवा त्याला २६.८. तोच सेटअप, तेच हवामान.

दोघांच्या लॅप मोटेक या टेलिमेट्रीच्या (ब्रेक, गॅस, वेग यांच्या नोंदींच्या) प्रोग्रॅममध्ये एकावर एक ठेवल्या. (इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्री लॅप्स असा आकडा असतो, तो शून्य असेल तर फाइल बनत नाही. यात माझे दोन दिवस गेले म्हणून सांगतोय.) ब्रेकच्या रेघेवर दोघांचा पहिला दाब सारखाच. पण त्याची रेघ वळणात शिरताना डोंगराच्या उतारासारखी हळूहळू खाली येत होती. माझी कड्यासारखी. मी ब्रेक झटकन सोडत होतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंग वळवत होतो. ब्रेक सुटला की गाडीचं नाक उचलतं, पुढच्या टायरांवरचा भार मागं जातो, आणि नेमकं तेव्हाच मी त्यांच्याकडून वळण मागत होतो. ते घसरायचे, मी आणखी स्टिअरिंग भरायचो, ते आणखी घासायचे आणि तापायचे. २७.४ हा आकडा महिनाभर मला हेच सांगत होता.

दुकानात एकाच चाकातली हवा दर आठवड्याला कमी होते म्हणून कोणी आलं तर मी नुसती भरून देत नाही. चाक काढतो, पाण्यात घालतो, रिम बघतो. इथं मात्र मी नुसती हवा जुळवत बसलो होतो.

पुढचे तीन आठवडे सेटअपला हात लावला नाही. फक्त ब्रेक सोडायचा सराव, त्या एका वळणावर. पाय नडगीपासून दुखायचा, कारण दाब पूर्ण काढायचा नाही आणि धरूनही ठेवायचा नाही, ही हालचाल रस्त्यावर गाडी चालवताना कधी करावीच लागत नाही. हळूहळू हवा २६.९ वर आली. नाक आत यायला लागलं. जी थोडी तक्रार उरली ती पुढच्या बारच्या एका क्लिकनं गेली, आणि वाढवलेली विंग मी परत खाली आणली. रजिस्टरमध्ये त्या दिवशी १ मिनिट ४९.१ लिहिलंय.

यावरून कोणी असं समजू नये की सेटअप फुकट आहे, सगळं पायातच असतं. ती एक क्लिक खरी होती, तिच्यामुळे मला गॅस आधी देता आला. फक्त ती ऐकू यायला आधीचा गोंगाट थांबावा लागला. आमच्या कोल्हापुरात कार्टिंग करणारी पोरं टायरच्या हवेवरून इतकी वाद घालतात त्याचाही मला आता अर्थ लागतो. कार्टला (रेसच्या छोट्या उघड्या गाडीला) ना सस्पेन्शन, ना डिफरन्शियल, मागचा एक्सल अख्खा, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. आतलं मागचं चाक थोडं उचललं तरच कार्ट वळतं, आणि ते चाक उचलतो कास्टर. रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यावं म्हणून जो कास्टर आम्ही लावतो, तोच तिथं चाक उचलतो.

सध्या बेल्जियममधला स्पा सुरू केलाय. सात किलोमीटरचा ट्रॅक, चढ-उतार आणि हवामान कधीही फिरणारं. रजिस्टरच्या नव्या पानावर अजून पहिल्या दहा लॅपच आहेत. तिथल्या पूओं नावाच्या डाव्या वळणात गाडी मागून सुटते, पण दर वेळी सुटत नाही, म्हणून मागच्या बारला हात लावलेला नाही. आण्णांनी काल मागून विचारलं, "हवा?" मी बघून सांगितलं, पुढचा उजवा २६.९, बाकी २६.५.