तुम्ही विचारलंत म्हणून: औषधातून वाचलेल्या पेशी

मी पेशीशास्त्र शिकवते हे कळले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: केमोथेरपीने गाठ दिसेनाशी झाली होती, तपासण्याही चांगल्या आल्या होत्या, मग आजार उलटला कसा? त्या पेशींनी औषधावर एखादी नवी युक्ती शोधून काढली असणार, असा विचारणाऱ्याचा समज असतो. कधी कधी तसे घडतेही. परंतु पहिल्या तडाख्यातून पेशींना वाचवणारी साधने बहुतेक वेळा जुनीच असतात आणि ती निरोगी पेशींतही असतात.

फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये नोंदवले, की फळमाशीच्या पेशींना नेहमीपेक्षा जास्त उष्णता मिळाली तर त्यांच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे येतात. तेथील जनुके ज्या प्रथिनांच्या निर्मितीसाठी जागी होतात त्यांना पुढे ‘हीट शॉक प्रथिने’ हे नाव मिळाले. घडी विस्कटलेल्या इतर प्रथिनांना सावरणे हे त्यांचे काम. निरोगी पेशीला ही कुमक अडचणीच्या वेळी अधिक लागते. कर्करोगाच्या पेशीची अडचण मात्र कधी संपतच नाही, कारण तिची गुणसूत्रे बिघडलेली असतात, काही प्रथिने गरजेपेक्षा जास्त तयार होत असतात, आणि गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन व साखर दोन्ही अपुरी पडतात. औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तणावातच जगत असते. हीट शॉक प्रथिनांना चालना देणारे मुख्य जनुक काढून टाकलेल्या उंदरांत गाठी कमी होतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

ऑक्सिजनच्या टंचाईचा तर अशा पेशींना उलट फायदाच होतो. रेडिएशनने डीएनएला झालेली इजा पक्की होण्यास ऑक्सिजन मदत करतो; तो जवळजवळ नसेल, तर तेवढ्याच पेशी मारण्यासाठी सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते.

मला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग २०१० मधला आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, औषधाला अतिशय संवेदनशील असलेल्या पेशींना संशोधकांनी त्या औषधाची गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली. जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या, पण हजारात साधारण तीन उरल्या. त्या वाढत नव्हत्या, जवळपास विभाजितही होत नव्हत्या. नुसत्या तग धरून होत्या. औषध काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढू लागल्या, आणि गंमत अशी, की त्यांच्या पुढच्या पिढ्यांना तेच औषध पुन्हा लागू पडले. म्हणजे त्यांना वाचवणारा बदल जनुकातील कायमचे उत्परिवर्तन नव्हता, तर पेशीने तात्पुरती धारण केलेली अवस्था होती. (पेनिसिलीनमधून वाचणाऱ्या जिवाणूंबाबत असेच काहीसे १९४४ मध्येच लक्षात आले होते.) खरा धोका त्यापुढे असतो: तग धरून राहिलेल्या पेशींना वेळ मिळतो, आणि त्या वेळात एखादीत असे उत्परिवर्तन घडू शकते, की औषध तिच्यावर पुन्हा कधीच चालत नाही.

‘मग डोसच का वाढवत नाहीत?’ असे यावर हमखास विचारले जाते. अनेक औषधे विभाजित होणाऱ्या पेशीवर घाव घालतात. जी पेशी विभाजितच होत नाही तिच्यावर वाढीव मात्रेचा फारसा उपयोग होत नाही, आणि निरोगी पेशींची हानी मात्र वाढते. तणाव सोसण्याच्या यंत्रणेवरच नेम धरणे हा दुसरा मार्ग. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली पेशी प्रतिपिंडे इतक्या प्रमाणात तयार करते, की बिघडलेल्या प्रथिनांची विल्हेवाट लावताना ती आधीच मेटाकुटीला आलेली असते. ही विल्हेवाट लावणारे प्रोटिअसोम रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाले आणि त्याने या आजाराचे उपचार खरोखर बदलले, तरी पुढे त्यालाही प्रतिरोध निर्माण होतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण मी शेवटी मुद्दाम देते. निदान दोन वर्षे ज्यांच्या रक्तात आजाराचा मागमूस सापडला नव्हता अशा रुग्णांचे इमॅटिनिब हे औषध फ्रान्समधील एका अभ्यासात थांबवण्यात आले. २०१० च्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक जणांत आजार परतला, तोही बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. आणि तेच औषध पुन्हा सुरू केल्यावर त्यांना ते लागू पडले.